घरी पाटावर, गाडीत दांड्याला

पांढुर्णा आणि सौंसर या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या मराठी घराण्यांना दोन गोष्टींचा मोठा अभिमान आहे. पहिली आपली भाषा आणि दुसरी आपली रीतभात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि आम्ही छिंदवाडा जिल्ह्यासह मध्यप्रदेशात राहिलो. शाळा, कचेरी, बाजार यांतून हिंदीचा वावर वाढत गेला. तरी घरातले सणवार, सोयरसंबंध, आल्यागेल्याला पाट मांडण्याची चाल आम्ही सोडली नाही. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा या भागाची ओळख कशात आहे असा विषय चार ठिकाणी निघाला, आणि आमच्यासारख्या ज्येष्ठांनी छाती पुढे काढून हेच सांगितले की, आमची ओळख आमच्या संस्कारांत आहे.

या संस्कारांविषयीच आज थोडे कडू लिहावयाचे आहे. वाचकांनी राग मानू नये. मानल्यास तो आधी आमच्यावर मानावा, कारण या लेखातील पहिला आरोपी आम्हीच आहोत.

सौंसरहून किंवा पांढुर्ण्याहून सावनेरमार्गे नागपूरला जाणाऱ्या कोणत्याही सकाळच्या गाडीचे दृश्य डोळ्यांपुढे आणा. गाडी थांब्याला लागण्यापूर्वीच खिडक्यांतून रुमाल, दुपट्टे, पिशव्या आत पडतात. ज्याचा रुमाल त्याची जागा, हा येथील अलिखित कायदा. थोड्याच वेळात मधली वाट भरते. त्या वाटेत, वरच्या दांड्याला एका हाताने धरून आणि दुसऱ्या हाताने पदर सावरून एक तरुण सून उभी असते. तिला सातवा महिना लागला आहे, हे सांगण्यासाठी वैद्याची गरज नसते. तिच्यासमोरच्या बाकावर तिची सासू बसलेली असते. सासूशेजारी सासरे असतात. त्यांच्या मागे आमच्या वयाचे एक सेवानिवृत्त गृहस्थ वर्तमानपत्र उघडून असतात, आणि वर्तमानपत्र इतके बारकाईने त्यांनी घरी कधी वाचलेले नसते.

याच सुनेचे आठ दिवसांपूर्वी डोहाळजेवण झालेले असते. तिला पाटावर बसविले, फुलांची वाडी भरली, पाच सुवासिनींनी ओटी भरली, तिच्या आवडीचे पदार्थ विचारून विचारून केले. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. म्हणून तिला आता माहेरी पोहोचवावयाचे असते. म्हणजे ज्या महिन्यांत तिने सर्वांत कमी हिंडावे, नेमक्या त्याच महिन्यांत आपली रीत तिला प्रवासाला लावते. रीतीचा पहिला अर्धा भाग आम्ही हौसेने पाळतो. दुसरा अर्धा भाग गाडीच्या पायरीशी संपतो.

असे का होते? आमच्या भागातील माणसे निर्दय आहेत म्हणून खचित नव्हे. गाभण गाय वाटेत आली तर तिला कोणी हाकलीत नाही, हे आम्ही लहानपणापासून पाहिले आहे. कारण दुसरे आहे, आणि ते आपल्याच रीतभातीत दडले आहे. आपल्या घरांत बसण्याचा मान वयाने आणि नात्याने ठरतो. वडीलधारी बसलेली असताना सुनेने उभे राहावे, हा शिष्टाचार आपण दोन-तीनशे वर्षे जपला. ओसरीवर तो शोभलाही असेल, कारण तेथे उभे राहणारी सून पाच मिनिटांनी आत जाऊन टेकू शकत होती. तोच शिष्टाचार आपण हलणाऱ्या, धक्के देणाऱ्या, गच्च भरलेल्या गाडीत नेला. सासरे उभे आणि सून बसलेली, हे दृश्य पाहून लोक काय म्हणतील, या भयाने सासरे बसून राहतात, आणि सूनही ‘मी ठीक आहे’ असे म्हणते. तिच्या त्या ‘ठीक आहे’वर विश्वास ठेवणे आपल्या सोयीचे असते.

आमचे म्हणणे इतकेच आहे की, गाडीत जागा मानाने ठरू नये, गरजेने ठरावी; आणि उठण्याचे पहिले कर्तव्य ज्यांचे गुडघे अजून धड आहेत अशा आम्हा ज्येष्ठांचे आहे. तरुणांना उपदेश करण्याआधी हे आम्ही मान्य केले पाहिजे.

गरज म्हणजे नेमके काय, हेही स्पष्ट करावयास हवे. अन्यथा हा सारा दयेचा विषय वाटतो. गर्भारपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत वाढते आणि हृदयावर तेवढे काम वाढते. फार वेळ उभे राहिले की रक्त पायांत साठते, रक्तदाब उतरतो आणि घेरी येते. पोट वाढते तसा शरीराचा तोल बदलतो. चालकाने अचानक ब्रेक दाबला आणि पोट बाकाच्या दांडीवर आदळले, तर वार सुटून आई आणि मूल दोघांच्याही जिवावर बेतू शकते. त्यात आपल्या देशातील स्थिती अशी की, २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील गर्भवतींपैकी ५२.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे गाडीत उभ्या असलेल्या दोन गर्भवतींपैकी एकीला उभे राहण्याचे बळच पुरेसे नसते.

शासकीय सेवेत असताना प्रसूती रजेचे कितीतरी अर्ज आमच्या टेबलावरून गेले. त्या निमित्ताने १९६१ चा प्रसूती लाभ कायदा वाचनात आला. त्याच्या चौथ्या कलमात अशी तरतूद होती की, प्रसूतीपूर्वीच्या ठराविक काळात स्त्रीने विनंती केल्यास तिला कष्टाचे किंवा फार वेळ उभे राहावे लागेल असे काम मालकाने देऊ नये. साठ वर्षांहून अधिक काळापूर्वी आपल्या संसदेला हे कळले होते की, तासन्‌तास उभे राहणे गर्भवतीला अपायकारक आहे. मालकाने उभे ठेवले तर कायद्याचा भंग. आपण उभे ठेवले तर ‘गर्दी फार होती हो’.

आता आमचा गुन्हा. सुमारे तीस वर्षांपूर्वी कामानिमित्त आम्ही एका गर्दीच्या गाडीत चढलो. वाहक ओळखीचा होता. ‘साहेबांना बसू द्या’ असे तो मागे पाहून म्हणाला आणि खिडकीजवळून कोणीतरी उठले. आम्ही बसलो, फाईल उघडली. कोण उठले हे पाहण्याचीही गरज आम्हांस वाटली नाही. साहेबासाठी कोणीतरी उठतेच, हा त्या काळचा आमचा समज होता. पुढे एका लहानशा गावी ती व्यक्ती उतरू लागली तेव्हा नजर वर गेली. दिवस भरत आलेली एक मजूर बाई होती. दवाखान्याची चिठ्ठी तिने दातांत धरली होती, कारण दोन्ही हात दांड्याला होते. तिने आमच्याकडे पाहिलेही नाही. आमच्या जागेवर दुसरा कोणी साहेब असता तरी ती अशीच उठली असती, हे तेव्हा लक्षात आले. त्या प्रवासात आमच्या फाईलमध्ये असे काहीही नव्हते की जे बसूनच वाचणे आवश्यक होते.

या विषयावर बोलू लागले की काही आक्षेप हमखास येतात. त्यांना उत्तर दिल्याशिवाय हा लेख संपविणे योग्य नाही.

पहिला आक्षेप, ‘तिकीट आम्हीही काढले आहे.’ काढले आहे खरेच, आणि म्हणूनच उठण्याला मोल आहे. जी जागा आपली नाही ती देण्यात कसले सौजन्य?

दुसरा आक्षेप, ‘स्त्रियांना समानता हवी, मग जागाही का हवी?’ महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून एस. टी. च्या भाड्यात स्त्रियांना पन्नास टक्के सवलत मिळू लागली, तेव्हापासून हा आक्षेप अधिक त्वेषाने ऐकू येतो. पुरुषाला गर्भ धारण करता आला असता तर हा युक्तिवाद आम्ही ऐकून घेतला असता. येथे प्रश्न स्त्री-पुरुषांचा नाहीच. तरुण, धडधाकट स्त्रीनेही गर्भवतीसाठी उठावे. अनेकदा पुरुष उठतो आणि शेजारच्या दोन मैत्रिणी गप्पांत रंगलेल्या राहतात, हेही आम्ही पाहिले आहे.

तिसरा आक्षेप, ‘हे शासनाचे काम आहे, राखीव जागा ठेवाव्यात.’ शासनाची नोकरी केलेल्या माणसाने शासनाची मर्यादा सांगितलेली बरी. रेल्वेत ज्येष्ठ नागरिक, पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया आणि गर्भवती यांच्यासाठी शयनयानाच्या प्रत्येक डब्यात सहा-सात खालच्या जागा ठेवण्याची तरतूद आहे. परंतु हा नियम आरक्षणाच्या खिडकीवर चालतो. नरखेड-काटोलमार्गे नागपूरला जाणाऱ्या साध्या डब्यात तो चालत नाही. आमच्या प्रांतातील राज्य परिवहन निगम बंद करण्याचा निर्णय २००५ मध्ये झाला आणि आमचा रस्त्यावरचा प्रवास खासगी गाड्यांच्या हाती गेला. २०२५ मध्ये शासनाने सार्वजनिक बससेवा नव्याने उभी करण्यास मान्यता दिली, ही चांगली गोष्ट आहे. पण बाकावर पाटी रंगविता येते, बाकावरच्या माणसाला उठविणारा रंग अजून निघालेला नाही.

चौथा आक्षेप प्रामाणिक आहे. ‘ती गर्भवती आहे हे कळावे कसे? चुकून भलतीसाठी उठलो तर तिचा अपमान होईल.’ पहिल्या तीन महिन्यांत पोट दिसत नाही. मळमळ आणि घेरी मात्र त्याच काळात जास्त असते. लंडनमध्ये २००५ पासून आणि जपानमध्ये २००६ पासून गर्भवतींना अंगावर लावण्यासाठी एक बिल्ला दिला जातो. आपल्याकडे ही बातमी पहिले तीन महिने शेजारणीलाही सांगत नाहीत, तेथे बिल्ला कोण लावणार? म्हणून आपला मार्ग आपणच काढावा. जी स्त्री थकलेली दिसते तिच्यासाठी उठावे आणि कारण विचारू नये. अंदाज चुकला तर एक थकलेली स्त्री बसली, एवढेच नुकसान होईल.

पाचवा आक्षेप आमच्याच वयाचा आहे. ‘आम्हांलाही सांधेदुखी आहे, रक्तदाब आहे.’ ज्यांना खरोखर आहे त्यांनी अवश्य बसून राहावे, आणि लाजू नये. मात्र त्यांनी आपला आवाज वापरावा. ‘अरे बाळा, जरा या बाईला बसू दे’ असे म्हणण्याला गुडघे लागत नाहीत. ज्येष्ठांच्या शब्दाला आमच्या भागात अजून वजन आहे. ते वजन अशा कामी खर्च होऊ द्यावे.

उठण्याचीही एक रीत असावी, असे आम्हांस वाटते. तिने मागण्यापूर्वी उठावे, कारण आपल्या घरच्या मुली मागत नाहीत. ‘कितवा महिना?’ असा प्रश्न चार लोकांत विचारू नये. ‘बस बाई’ एवढे दोन शब्द पुरेत. उठल्यावर आपल्या उदारपणावर व्याख्यान देऊ नये आणि तिच्या डोक्याशी वाकून उभे न राहता थोडे पुढे सरकावे. वाहकाने दारातून आत घेतानाच पुढच्या बाकांकडे पाहून एक हाक द्यावी. चालकाने ती चढताना व उतरताना गाडी पूर्ण थांबवावी. आणि रुमाल टाकून धरलेली जागा माणसापुढे टिकत नाही, हे सर्वांनी एकदाचे मान्य करावे.

यासाठी दर महिन्याची एक तारीख आम्ही सुचवितो. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय दवाखान्यांत गर्भवतींची तपासणी होते. प्रसूतीच्या वेळी रुग्णवाहिका मिळते. तपासणीला मात्र खेड्यापाड्यांतील स्त्रिया बहुधा गाडीनेच येतात. त्या दिवशी पांढुर्णा, सौंसर किंवा मोहगावच्या थांब्यावर कोणीही जाऊन पाहावे, दांड्याला धरलेल्या किती हातांत दवाखान्याचे कागद आहेत ते दिसेल. पुढच्या ९ तारखेला ज्या वाचकांना प्रवासाचा योग येईल, त्यांनी तेवढ्या एका दिवशी उठून पाहावे.

आणि सर्वांत आधी घरात एक बदल व्हावा. डोहाळजेवणाच्या दिवशी ओटी भरून झाली की सासऱ्यांनी सर्वांदेखत सुनेला सांगावे, ‘बाई, उद्या गाडीत तू बसशील आणि मी उभा राहीन.’ याने कोणाचाही मान जाणार नाही. आपल्या ज्या संस्कारांचा आम्ही चारचौघांत अभिमान मिरवितो, ते पहिल्यांदाच घराच्या उंबरठ्याबाहेर पडून गाडीत चढतील.