सदतिसाव्या वर्षी ब्रँच चेंज!

गेल्या सेमिस्टरला थिअरी ऑफ मशीन्सच्या व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी मला विचारलं, "एस्केपमेंट म्हणजे काय?" उत्तर पाठ होतं. चाकाला सुसाट फिरू न देता, अडवत-सोडत एकेक दाता पुढे जाऊ देणारी यंत्रणा. धडाधड सांगून टाकलं. मग सर म्हणाले, "छान. पहिल्यांदा कुठे झाली?"

मी म्हटलं, "सर, ते सिलॅबसमध्ये नाही."

सगळे हसले. सरसुद्धा हसले. मार्क चांगले दिले, पण मी उठताना एवढंच म्हणाले, "सू सोंग हे नाव शोध, बाळ."

त्या एका नावाच्या मागे लागून मी जिथे पोचले, त्याबद्दल हा लेख आहे. आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. आमच्या शाळेत मराठीत बोललं की दंड भरावा लागायचा. त्यामुळे या लेखातल्या शुद्धलेखनाच्या चुका संपादकांनी सुधारल्या आहेत, विचारांच्या चुका मात्र माझ्या!

तर सू सोंग हा चीनमधला एक सरकारी अधिकारी. इसवी सन १०८८च्या सुमारास काइफेंग या राजधानीच्या शहरात त्याने एक घड्याळाचा मनोरा उभारायला घेतला. उंची साधारण बारा मीटर, म्हणजे आपल्या होस्टेलच्या चार मजल्यांएवढी. आत एक मोठं चाक, चाकाला छत्तीस पाणभांडी. टाकीतून एकसारखी धार एका भांड्यात पडायची. भांडं पुरेसं भरलं की त्याच्या वजनाने अडसर सुटायचा, चाक एक घर पुढे सरकायचं आणि वरचा अडसर त्याला पुन्हा धरायचा. मग पुढचं भांडं. बघा, आली की नाही एस्केपमेंट? शिवाय या मनोऱ्यात शक्ती वर न्यायला साखळीसुद्धा वापरली होती. आपल्या सायकलला असते तशी चेन ड्राइव्ह!

११२७ मध्ये शत्रूने काइफेंग जिंकलं, घड्याळ उचकटून नेलं, पण ते पुन्हा नीट चालवणं कोणाला जमलं नाही. यंत्र गेलं. राहिलं काय, तर सू सोंगने लिहून ठेवलेलं आकृत्यांसकट पुस्तक. (सबमिशनच्या आदल्या रात्री दुसऱ्याच्या जर्नलवरून ड्रॉइंग उतरवणाऱ्यांनी इथे क्षणभर थांबावं!) पुढे कित्येक शतकं जगाची समजूत अशी होती, की असली यंत्रणा चौदाव्या शतकाच्या आसपास युरोपात प्रथम झाली. ती समजूत हलवली १९६० साली निघालेल्या एका पुस्तकाने. लेखक तिघं: जोसेफ नीडहॅम, वांग लिंग आणि डेरेक प्राइस. यातला नीडहॅम हा माझा आजचा हीरो.

मित्रहो, हा माणूस मुळात इतिहासकार नव्हताच! १९०० साली लंडनमध्ये जन्म, केंब्रिजमध्ये शिक्षण, विषय बायोकेमिस्ट्री. अंड्यातला गर्भ वाढताना त्यात काय काय रासायनिक बदल होतात, यावर १९३१ मध्ये त्याने तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. नोकरी पक्की, नाव झालेलं. आपल्या भाषेत सांगायचं तर 'लाइफ सेट'.

आणि मग १९३७ मध्ये चीनमधून तीन तरुण संशोधक केंब्रिजला आले. त्यांत नानजिंगच्या एका औषधविक्रेत्याची मुलगी होती, लू ग्वेई-जेन. त्यांच्याशी बोलताना एक प्रश्न नीडहॅमच्या डोक्यात शिरला. या लोकांची बुद्धी आपल्यापेक्षा जराही कमी नाही, मग आधुनिक विज्ञान युरोपातच का जन्मलं? चीनमध्ये का नाही? सदतिसाव्या वर्षी हा गृहस्थ चिनी भाषा शिकायला बसला. अक्षरांपासून!

विचार करा. आपल्याकडे सेकंड इयरला ब्रँच चेंज मिळाली नाही तर लोक म्हणतात, आता आयुष्य संपलं.

१९४३ मध्ये तो युद्धात होरपळणाऱ्या चीनमध्ये गेला. चोंगचिंगला ब्रिटन आणि चीनच्या वैज्ञानिक सहकार्याचं एक ऑफिस होतं, त्याचा तो प्रमुख. काम काय, तर जपानी सैन्यापुढे मागे हटत कुठल्या कुठे गेलेल्या चिनी विद्यापीठांना उपकरणं, रसायनं, पुस्तकं पोचवणं. लॉरी घेऊन तो देशभर हिंडला, वाटेत जुने ग्रंथ जमवले, थेट वाळवंटाकाठच्या दुनह्वांगच्या गुहांपर्यंत जाऊन आला. युद्धानंतर काही काळ पॅरिसला युनेस्कोच्या विज्ञान विभागाचा पहिला प्रमुख झाला. मग केंब्रिजला परत येऊन लिहायला बसला. 'सायन्स अँड सिव्हिलायझेशन इन चायना'चा पहिला खंड १९५४ मध्ये आला. एक पुस्तक म्हणून सुरू झालेलं काम वाढत वाढत पंचवीसच्या आसपास ग्रंथांपर्यंत गेलं. १९९५ मध्ये तो वारला, तरी खंड निघतच राहिले. त्यातला १९६५चा एक अख्खा ग्रंथ मेकॅनिकल इंजिनिअरिंगवर आहे, १९७१चा सिव्हिल आणि जहाजबांधणीवर. म्हणजे आपलेच विषय!

आता तुम्ही म्हणाल, ही बाई आरतीच करत बसली. तसं नाही. १९५२ मध्ये कोरियन युद्धात अमेरिकेने जंतू वापरले, या आरोपाची चौकशी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीत नीडहॅम होता आणि समितीने आरोप खरा ठरवला. त्याने दाखवलेल्या पुराव्यांवर आणि साक्षींवर फार विश्वास टाकला. १९९८ मध्ये काही सोव्हिएत कागदपत्रं प्रसिद्ध झाली, त्यांवरून ते पुरावे बनवलेले होते असं दिसतं. या प्रकरणापायी त्याला कित्येक वर्षं अमेरिकेची दारं बंद होती. त्याच्या मूळ प्रश्नावरही टीका झाली. नेथन सिव्हिन या अभ्यासकाने १९८२ मध्ये लिहिलं, की 'का झालं नाही' असा प्रश्न विचारण्यापेक्षा तिथे काय झालं ते नीट बघा. मला ही टीका पटते. पण गंमत अशी, की चुकीच्या प्रश्नामागे धावताना या माणसाने एवढं खरं साहित्य जमवलं, की टीकाकारांनाही त्याच्याच खंडांपासून सुरुवात करावी लागते.

असो. माझा मुद्दा वेगळाच आहे. आपण चार वर्षं यंत्रं शिकतो आणि ती कुठून आली हे आपल्याला कोणी सांगत नाही. मग ती रिकामी जागा दोन गोष्टी भरून काढतात. एक, न्यूनगंड: सगळं गोऱ्यांनी शोधलं, आपण फक्त कॉपी करतो. दोन, व्हॉट्सॲप फॉरवर्ड: सगळं आपल्याच पूर्वजांनी शोधलं, विमानसुद्धा! 'वैमानिक शास्त्रा'तल्या विमानांचं काय करायचं ते बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवून दिलंय. त्यांनी आकृत्या तपासल्या, गणितं मांडली आणि सांगितलं, ही उडणार नाहीत. पन्नास वर्षांपूर्वीचं काम, तरी फॉरवर्ड अजून उडतायत! खरा अभिमान आणि पोकळ फुशारकी यांतला फरक सांगायला इतिहासकार लागतो. तोही असा, ज्याला ग्रंथाची भाषाही येते आणि आकृतीतलं यंत्र चालेल की नाही हेही कळतं. दुसरी गोष्ट आपल्याला येते. पहिलीचं काय?

इथेच मला लाज वाटली. सू सोंगच्या निमित्ताने लायब्ररीत चौकशी करताना लायब्ररीतल्या काकांनी विचारलं, "चीनचं वाचतेस, दीक्षितांचं वाचलंस का?" कोण दीक्षित? तर शंकर बाळकृष्ण दीक्षित. जन्म १८५३, कोकणातलं मुरूड. पेशाने शाळामास्तर, पुढे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात. कॉलेजची डिग्री नाही. त्यांनी १८९६ मध्ये भारतीय ज्योतिषशास्त्राचा, म्हणजे खगोलगणिताचा, प्राचीन काळापासूनचा इतिहास लिहिला. मराठीत! १८९८ मध्ये ते गेले, पन्नाशीसुद्धा गाठली नाही. इतक्या वर्षांनी सरकारने त्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद काढला, कारण अभ्यासकांना त्यावाचून चालेना. म्हणजे जगाने ज्याचं भाषांतर मागितलं, ते माझ्या मातृभाषेत होतं आणि मला ते वाचता येत नव्हतं. नीडहॅम परक्या भाषेची अक्षरं सदतिसाव्या वर्षी गिरवतो आणि मी विसाव्या वर्षी स्वतःच्या भाषेत अडखळते!

शेवटी पुस्तक घरी आणलं आणि आजीपुढे मोठ्याने वाचायला बसले. शब्द अडला की आजी सांगते. कृत्तिका आल्या तेव्हा म्हणाली, "अगं, तो पुंजका नाही का, गच्चीवरून दाखवला होता तुला?" कृत्तिका बरोबर पूर्वेला उगवतात असा शतपथ ब्राह्मणात उल्लेख आहे. पृथ्वीचा अक्ष हळूहळू फिरतो, त्यामुळे हे ठरावीक काळीच खरं असू शकतं, असं म्हणून दीक्षितांनी त्यावरून काळ काढला, इसवी सनापूर्वी ३००० च्या आसपासचा. त्यावर आजही वाद आहेत. पण पद्धत बघा: ग्रंथातलं एक वाक्य, त्याला गणित, मग निष्कर्ष. कोणालाही तपासून बघता येईल असा.

माझं म्हणणं एवढंच. पहिलं, तंत्रज्ञानाच्या इतिहासाचं एक तरी इलेक्टिव्ह आपल्याकडे असावं. 'स्कोरिंग' म्हणून का होईना, लोक घेतील. दुसरं, ते मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आपण सगळ्यांनी शाळेच्या सहलीत बघितली आहे. दूरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी पाणी आणून त्यावर जातं फिरवलं. आपण फोटो काढले, भेळ खाल्ली, घरी आलो. हेड किती, फ्लो किती, नळाचे सांधे कशाने बंद केले, एवढं जरी कोणी मोजून लिहिलं तर फायनल इयरचा झकास प्रोजेक्ट होईल. दरवर्षीच्या त्याच त्या पेडल-पॉवर्ड वॉशिंग मशीनपेक्षा नक्कीच बरा.

"मग काय, इतिहासकार होणार का?" असं बाबांनी परवा विचारलं. आवाजात काळजी होती, कारण एज्युकेशन लोन त्यांच्या नावावर आहे. खरं सांगते, मला माहीत नाही. कॅम्पसला मी बसणार आहे, ॲप्टिट्यूडची पुस्तकंही आणली आहेत. पण सदतिशीला अजून सतरा वर्षं आहेत! तोवर रोज रात्री आजीबरोबर दीक्षितांचं एक पान चालू आहे. परवा पहिल्यांदाच अख्खं पान न अडखळता वाचलं.

आणि पुढच्या व्हायवाला कोणी विचारलंच, तर "सिलॅबसमध्ये नाही" हे उत्तर मी देणार नाही.