धाकट्या वकिलाचे वेतन

नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावर सकाळच्या एस.टी.तून उतरून, कागदांची पिशवी काखेत घट्ट धरून जिल्हा न्यायालयाच्या दिशेने निघालेला निफाड-दिंडोरीकडचा बागायतदार ज्या वकिलाचे नाव विचारीत येतो, ते नाव त्याने बहुधा आपल्या वडिलांच्या किंवा मामाच्या तोंडून ऐकलेले असते. वकिलाने जाहिरात करू नये, पाटीदेखील बेताच्या आकाराचीच लावावी, असा बार कौन्सिलचा दंडक असल्यामुळे दोन खोल्यांच्या कचेरीचा लौकिक पिढ्यांच्या विश्वासावरच उभा राहतो.

त्या कचेरीत अशील प्रथम येऊन बसतो तो तास मला सर्वांत मोलाचा वाटतो. द्राक्षाचा माल उचलून परप्रांतीय व्यापारी परागंदा झालेला असतो आणि हाती न वटलेला धनादेश उरलेला असतो. ‘पुढच्या आठवड्यात देतो’ या आश्वासनावर विसंबून शेतकऱ्याने दिवस घालवलेले असतात. धनादेश परत आल्याची खबर बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे, ती पोचल्यावर व्यापाऱ्यास १५ दिवसांची मुदत मिळते आणि ती टळल्यावर महिन्याच्या आत फिर्याद दाखल व्हावी लागते. म्हणून जाणता वकील कैफियत ऐकण्याआधी तारखा मोजतो. दुसऱ्या दिवशी एखादा भाऊ बहिणीला हक्कसोडपत्रावर सही करण्यासाठी घेऊन येतो. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२० च्या निर्णयाने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच मुलाइतका हिस्सा आहे, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते. अशा वेळी, अशील भाऊ असला तरी, सही करण्यापूर्वी तिने स्वतंत्र वकिलाचा सल्ला घ्यावा असे तिला स्पष्ट सांगणारा वकील एखाद्या वेळी फी गमावतो. पण त्याच्या कचेरीची अब्रू राहते.

ही विद्या केवळ पुस्तकांतून मिळत नाही. ती ज्येष्ठ वकिलाच्या मेजाशेजारी बसूनच मिळते, आणि नेमकी तेथेच आमच्या व्यवसायाची जुनी उणीव आहे. मी उमेदवारी केली त्या कचेरीत विद्या भरपूर मिळाली, वेतन मात्र मिळाले नाही. घरचे दोन वेळचे जेवण निश्चित होते म्हणून मी टिकलो. सुरगाणा-पेठच्या शेतमजुराच्या घरातून शिकून आलेल्या मुलीने कशाच्या आधारावर टिकावे? खुद्द बाबासाहेब आंबेडकरांना १९२३ मध्ये सनदेचे पैसे भरण्यासाठी नवल भथेना या स्नेह्याची मदत घ्यावी लागली. असा स्नेही प्रत्येकाला लाभत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने शहरांत दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन कनिष्ठांना द्यावे, असे परिपत्रक काढले. परंतु ती शिफारस आहे, सक्ती नव्हे. लहान कचेरीला ही रक्कम जड जाते हे मी अनुभवाने जाणतो. तरीही दोन-तीन कचेऱ्यांनी मिळून एक कनिष्ठ नेमावा, उरलेला भार वकील संघाने सभासदांच्या वर्गणीतून उचलावा आणि ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम द्यावी, यात अशक्य असे काहीही नाही. वकिलाचा मुलगाच वकील होऊ शकेल अशी व्यवस्था आपण मुकाट्याने चालू ठेवली, तर आदिवासी पाड्यावरचा अशील ज्याच्यापुढे मोकळेपणाने बोलेल असा वकील या जिल्ह्यात उरणार नाही.

माझ्या कचेरीत अशी एक मुलगी गेली दोन वर्षे काम शिकते आहे आणि शेजारच्या दोन वकिलांसह आम्ही तिला दरमहा पाच तारखेला वेतन देतो. यंदाच्या हंगामात पिंपळगावच्या एका बागायतदाराची मुदत टळायला दोनच दिवस उरले आहेत, हे तिच्याच प्रथम ध्यानात आले. मी मालेगावला तारखेस गेलो होतो, म्हणून नोटिशीचा मसुदा तिनेच केला, शेजारच्या वकिलांकडून तपासून घेतला आणि त्यांच्या सहीने ती नोटीस टपाल कचेरी बंद होण्यापूर्वी रजिस्टर करून पावती फाइलीला लावली.