सही पालकाची, हमी कोणाची?

महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले, की कोल्हापुरात एक दृश्य हटकून दिसते. शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, गगनबावडा या तालुक्यांतून पहाटेच्या एस.टी.ने आलेले बाप एका हातात मुलाच्या दाखल्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात ओली छत्री सांभाळीत रांगेत उभे असतात. खिडकीपलीकडचा कारकून कागद पुढे सरकवतो, बोटाने जागा दाखवतो आणि बाप सही करतो. शिस्तीचे हमीपत्र, उपस्थितीचे हमीपत्र, वसतिगृहाच्या नियमांचे हमीपत्र. काय लिहिले आहे ते वाचण्यास त्याला सवड नसते, आणि वाचून दाखवण्याची गरज समोरच्यास वाटत नाही.

या कागदांत रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्रही असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनुसार ते विद्यार्थी आणि पालक या दोघांकडूनही घेतले जाते. ते घेतलेच पाहिजे. महाराष्ट्राने तर रॅगिंगविरुद्ध १९९९ मध्येच कायदा केला. परंतु त्याच विनियमांनी संस्थेवरही कर्तव्ये टाकली आहेत. रॅगिंगविरोधी समिती हवी, अचानक तपासणी करणारे पथक हवे, वसतिगृहाला पूर्णवेळ अधीक्षक हवा. पालकाने द्यावयाची हमी छापील नमुन्यात तयार असते. संस्थेने पाळावयाची कर्तव्ये मात्र त्याला कोणी सांगत नाही. तोही विचारीत नाही. आपला मुलगा या आवारात चार वर्षे कसा जगणार, हा प्रश्न त्याच्या मनात असतो. पण तो प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे, हेच त्याला ठाऊक नसते.

त्याऐवजी त्याच्या मनात एक भीती पेरलेली असते. सत्राच्या आरंभी भरणाऱ्या पालक मेळाव्यांत तिचीच मशागत होते. पूर्वी व्यासपीठावरून चित्रपटगृहांचा धोका सांगितला जाई, आता मोबाइलचा सांगितला जातो. वाईट संगत, प्रेमप्रकरणे, मोटारसायकली आणि शेवटी, आवाज किंचित खाली आणून, ‘राजकारण’. मुलगा बिघडू द्यावयाचा नसेल तर त्याला चळवळी, मोर्चे, संघटना यांपासून दूर ठेवा, असा उपदेश जे गृहस्थ करतात त्यांच्यापैकी कित्येकांची स्वतःची हयात कारखान्याच्या, जिल्हा बँकेच्या आणि विधिमंडळाच्या राजकारणात गेलेली असते. राजकारण संस्थाचालकाने करावे आणि विद्यार्थ्याने केले तर बिघडला म्हणावे, असा हा न्याय आहे. पालक माना डोलावतात. मूल बिघडण्याची काळजी ज्याला रात्रंदिवस लागली आहे, तो ते कोठे झोपते, काय खाते आणि त्याला कोण शिकवते हे पाहण्यास जात नाही.

हे कोल्हापुरात घडावे, याचे वैषम्य अधिक. शिक्षणाचा प्रश्न मुळात निवाऱ्याचा आणि दोन वेळच्या जेवणाचा प्रश्न आहे, हे या शहरात एका राजाला शतकापूर्वी उमगले होते. राजाराम महाविद्यालय १८८० पासून होते. पण खेड्यातल्या कुणब्याच्या पोराला शहरात पाठ टेकण्यास जागा नसेल, तर ते असून नसून सारखेच. म्हणून शाहू छत्रपतींनी १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग उभे राहिले, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. पुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा निर्णय १९१७ मध्ये झाला. दसरा चौकाच्या आसपास फिरताना यांतल्या काही वास्तू आजही दिसतात. वसतिगृहे जातवार का, हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो निराधार नव्हता. पण ज्या समाजात एका पंगतीला बसणे अशक्य होते, तेथे आधी प्रत्येकाला पंगत मिळवून देणे हा त्या काळचा मार्ग होता.

त्या मार्गाच्या पुढे जाणारा माणूस याच वसतिगृहांतून निघाला आणि तोही शिस्त मोडून. भाऊराव पाटील तेव्हा जैन बोर्डिंगात राहत होते. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले आणि परतल्यावर स्नान करून शुद्ध होण्याचा नियम त्यांनी पाळण्याचे नाकारले. बोर्डिंगातून त्यांना बाहेर पडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. आजच्या भाषेत बोलावयाचे तर पाल्य बिघडले! हमीपत्राचा भंग झाला! याच बिघडलेल्या पाल्याने १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह सुरू केले. मुलांनी एकत्र राबावे, एकत्र शिजवावे, एकत्र जेवावे. ‘कमवा आणि शिका’ ही योजना तेथूनच बहरली. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ झाले, तेव्हा पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनी तिला विद्यापीठाच्या आवारात स्थान दिले. दिवसाचे काही तास काम करून त्याच आवारात शिकणारा विद्यार्थी ही या भूमीची कमाई आहे.

मग ही परंपरा खाटेच्या भाड्यावर कशी आली? १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना मुभा दिली. मराठी मुले पैसे भरून कर्नाटकात जातात, तो पैसा आणि ती मुले येथेच राहावीत, असा युक्तिवाद होता आणि त्यात तथ्य नव्हते असे नाही. त्या महाविद्यालयांतून खेड्यांतली हजारो मुले अभियंते झाली, हेही मान्य केले पाहिजे. परंतु शिक्षण पुरविण्याची जबाबदारी शासनाच्या खांद्यावरून उतरली ती उतरलीच. देणगी घेण्यास बंदी करणारा कायदा १९८७ मध्ये करावा लागला, यावरूनच चार वर्षांत काय घडले असेल ते ओळखावे. आज वर्ग आहेत, इमारती आहेत, प्रवेशद्वारावर कमानी आहेत. विद्यार्थी मात्र मोठ्या संख्येने आवाराबाहेर, राजारामपुरीसारख्या भागांत, एका खोलीत तीन-चार खाटा मांडून राहतो. खाटेमागे भाडे, डब्याचे वेगळे, अभ्यासिकेच्या खुर्चीचे वेगळे. यावर कोणाचे नियंत्रण नाही. सकाळचा डबा दुपारी उघडला तर वास येतो, हे मुलगा घरी फोनवर सांगत नाही. कारण उसाचे बिल अजून जमा झालेले नाही, हे त्यालाही ठाऊक असते.

ज्या शिक्षकाच्या भरवशावर त्याला सोपविले, त्या शिक्षकाची स्थिती याहून निराळी नाही. कायम पदे रिक्त ठेवावयाची आणि तासिका तत्त्वावर माणसे नेमावयाची, हा अनुदानित महाविद्यालयांतलाही शिरस्ता झाला आहे. घेतलेल्या तासापुरता मोबदला आणि सुट्टीत काहीच नाही, अशा प्राध्यापकाला दुसऱ्या गावच्या महाविद्यालयाची गाडी गाठावयाची असते. तो विद्यार्थ्याशी बोलणार केव्हा, आणि एखादे मूल गप्प झाले आहे हे त्याला कळणार कसे? पंचाहत्तर टक्के उपस्थितीचे हमीपत्र मुलाकडून घेणाऱ्या संस्थेने शिक्षकांच्या उपस्थितीचे काय, याचे उत्तर दिले पाहिजे.

मुलींच्या बाबतीत पालकांची चूक अधिक महागात पडते. वसतिगृहाचे फाटक लवकर बंद व्हावे, हा आग्रह बहुधा पालकच धरतात. मुलांचे फाटक उघडे असते. परिणामी, ग्रंथालयात रात्री बसण्याचा अधिकार मुलग्यांचा होतो. रस्त्यावर दिवे नाहीत, गावाकडची शेवटची गाडी भरून जाते, म्हणून मुलीला कोंडावयाचे; दिवे आणि गाडी मागावयाची नाही! लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत तक्रार समिती असली पाहिजे. तिच्यावर कोण आहे, हे प्रवेशाच्या वेळी विचारणारा पालक विरळा.

पैशाच्या बाबतीतही अज्ञानाचा धंदा होतो. व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क ठरविण्यासाठी २०१५ च्या कायद्याने प्राधिकरण नेमले आहे. ठरविलेला आकडा जाहीर असतो आणि त्यावरच्या प्रत्येक रकमेची पावती मागता येते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या पात्र मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झाले. पण व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला आणि अभिमत विद्यापीठांना ते लागू नाही, हे प्रवेश झाल्यावर कळून उपयोग काय? मूळ प्रमाणपत्रे संस्थेने अडकवून ठेवू नयेत, असे आयोगाने २०१८ मध्ये बजावले आहे. तरी दाखल्यासाठी हेलपाटे घालणारी मुले कोणत्याही कार्यकर्त्याने पाहिलेली असतील.

हे सारे विचारावयाचे कोणी? वस्तुतः विद्यार्थ्यांनीच. परंतु त्यांचे तोंड बंद करण्यात आले आहे. महाविद्यालयीन निवडणुकांत हिंसा झाली, १९८९ मध्ये मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला आणि त्या दशकाच्या पुढे राज्यातल्या थेट निवडणुकाच थांबल्या. गुंडांना आवरण्याऐवजी मतपेटी काढून घेतली गेली. विद्यार्थी परिषदेवर निवडून नव्हे तर गुणांच्या यादीवरून नेमणुका होऊ लागल्या; म्हणजे ज्याला प्राचार्यांची मर्जी सांभाळण्याची सर्वांत अधिक गरज, तोच प्रतिनिधी. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने निवडणुका पुन्हा मान्य केल्या, २०१९ मध्ये त्यांची घोषणा झाली आणि त्या पुढे ढकलल्या गेल्या. एकाही पालक मेळाव्यात याबद्दल खंत व्यक्त झाली नाही. उलट सुटकेचा निःश्वासच ऐकू आला.

खाणावळीच्या बिलाची तक्रार म्हणजे क्षुद्र गोष्ट नव्हे. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एल.डी. अभियांत्रिकी महाविद्यालयातली मुले वसतिगृहाच्या जेवणाचे दर वाढले म्हणून उठली. त्यातून नवनिर्माण आंदोलन पेटले आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना पायउतार व्हावे लागले. महागाईचा चटका घरी आईला बसत होता आणि वसतिगृहात मुलाला. दोघांचे दुखणे एक आहे हे त्या मुलांनी ओळखले. संस्थाचालकांना विद्यार्थ्यांच्या ‘राजकारणा’ची जी धास्ती वाटते ती याची, मुले बिघडण्याची नव्हे.

पक्षाच्या कार्यकर्त्यांनीही याबाबत स्वतःला मोकळे समजू नये. सभेत शिक्षणसम्राटांवर तोफ डागून त्याच संध्याकाळी भाच्याच्या प्रवेशासाठी त्यांच्याच दारात चिठ्ठी घेऊन उभे राहणारे कमी नाहीत. चिठ्ठीने एका मुलाचे काम होते आणि शंभर मुलांचा प्रश्न विचारण्याचा अधिकार गहाण पडतो. प्रवेशाच्या हंगामात शाखांनी दुसरे काम करावे. गावातून येणाऱ्या पालकांबरोबर खिडकीपर्यंत जावे. सहीचा कागद आधी वाचून दाखवावा. समितीतल्या नावांची, अधीक्षकाची, पावतीची चौकशी त्याच्या तोंडून होऊ द्यावी. पाच-पन्नास पालकांचा एक गट प्रत्येक महाविद्यालयामागे उभा करावा आणि त्याने वर्षातून चार वेळा न कळविता वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात जावे. बाप घाईत असतो, कारण त्याला गावाकडची मुक्कामाची गाडी गाठावयाची असते. त्या दिवशी त्याला आपल्याच घरी ठेवून घ्यावे आणि सकाळी मुलाची खोली पाहिल्यानंतरच गाडीत बसवून द्यावे.