आधी यादी, मग ठिकाण

तुळशीचे लग्न आटोपले की घरोघर सोयरिकीच्या बोलाचाली सुरू होतात. अलीकडे या बैठकीत एक नवा प्रश्न शिरला आहे: लग्न कोणत्या देशात करायचे? 2017च्या डिसेंबरात विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांचे लग्न इटलीतल्या तस्कनीत झाले. पुढच्याच वर्षी दीपिका पदुकोण आणि रणवीर सिंह यांचे कोमो सरोवराकाठी झाले. ती छायाचित्रे घरोघरच्या मोबाइलवर पोचली आणि हौसेला वाट मिळाली. हैदराबाद-पुण्यात किंवा अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मुलामुलींमार्फत ही हौस आता तेलंगणातल्या आदिलाबादच्या मराठी घरांतही येऊ लागली आहे. फुकेत, बाली, दुबई ही नावे निघतात. हौस करू नये असे आमचे म्हणणे नाही. आमचा आक्षेप ठिकाण निवडण्याच्या क्रमाला आहे. आधी समुद्र पसंत होतो, मग रिसॉर्ट, मग तारीख, आणि उरलेल्या खोल्यांत बसतील तेवढी माणसे बोलावली जातात. हा क्रम उलटा हवा. ज्यांच्यावाचून अक्षता पडू नयेत अशा माणसांची यादी आधी करावी, आणि त्यांना जेथे पोचता येईल ते ठिकाण मग ठरवावे.

सीमेपलीकडचे लग्न आदिलाबादला नवे नाही. 1956च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातला इस्लापूरचा भाग आदिलाबाद जिल्ह्यातून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला. नांदेडकडचे मुधोळ आणि भैंसा इकडे आले. 2016च्या जिल्हा विभाजनानंतर ते निर्मल जिल्ह्यात आहेत. नकाशे बदलले, सोयरिकी बदलल्या नाहीत. जैनथ, बेला, तामसीच्या मुली आजही पांढरकवडा, किनवट, माहूरकडे नांदायला जातात आणि तिकडच्या सुना इकडे येतात. मध्ये पैनगंगा आहे आणि दोन राज्यांची दोन सरकारे आहेत. तरी लग्न वधूच्या दारी करायचे, वराच्या, की मधल्या एखाद्या गावच्या मंगल कार्यालयात, हे ठरवताना पहिला विचार माणसांचाच होत आला. म्हाताऱ्या आत्याला जीपमध्ये बसवता येईल का? बस कुठवर जाते? सकाळी धार काढून निघालेला माणूस अक्षता टाकून, पंगतीत जेवून संध्याकाळच्या धारेला घरी परतेल का? ठिकाण निवडण्याची ही रीत शहाणपणाची आहे आणि ती आपल्या घरातच आहे.

परदेशातले ठिकाण या रीतीत बसते का, हे तपासायला कापसाचा हंगाम पुरेसा आहे. फुकेतकडे उत्तम हवा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत असते, म्हणून लग्नाच्या तारखाही तेव्हाच्याच निघतात. नेमके त्याच महिन्यांत आदिलाबादच्या काळ्या रानात कापसाची वेचणी चालू असते आणि मार्केट यार्डात गाड्यांची रांग असते. शेतावरचा काका, मामा, मोठा भाऊ त्या दिवसांत आठवडाभर घर सोडू शकत नाही. तो मोकळा होतो वैशाखात, आणि तेव्हा त्या किनाऱ्यावर पावसाळ्याची चाहूल लागलेली असते. म्हणजे तारीख ठरली तेव्हाच घरचा कास्तकार यादीतून गळाला. त्याला कोणी वगळले नाही, पण बोलावलेही नाही.

दुसरी गाळणी पासपोर्टची. ज्या आजीने नातवाला अंगाखांद्यावर वाढवले तिच्याकडे मतदार ओळखपत्र असते, रेशनकार्ड असते, पासपोर्ट नसतो. त्याचे शुल्क मोठे नाही. पण जन्मतारखेचे कागद, नावातली वेलांटी, पोलीस पडताळणी, मग तीनशे किलोमीटरवरचे हैदराबाद आणि तिथून विमान, हे सत्तरीच्या बाईला झेपणारे नाही. परदेशच हवा असेल तर नेपाळचा विचार व्हावा. तिथे भारतीयाला मतदार ओळखपत्रावर जाता येते. देश निवडतानाही कसोटी तीच ठेवली तर उत्तर बदलते, एवढेच यातून दाखवायचे आहे.

खर्चाची गोष्टही माणसांचीच आहे. 26 नोव्हेंबर 2023च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी लग्ने देशातच करा, पैसा देशातच राहील, असे आवाहन केले होते. तो मुद्दा रास्त आहे. पण आदिलाबादला त्याहून जवळचा मुद्दा भावकीचा आहे. तेलंगण सरकारची कल्याणलक्ष्मी योजना 2014 साली 51,000 रुपयांनी सुरू झाली आणि 2018पासून गरीब घरातल्या मुलीच्या लग्नाला 1,00,116 रुपये मिळू लागले. ज्या जिल्ह्यात असंख्य लग्ने या मदतीवर उभी राहतात, तिथे एका भावाने लेकीचे लग्न बालीत केले की दुसऱ्या भावाच्या मांडवाचे ओझे आपोआप वाढते. तो बालीला जाणार नाही, पण कमीपणा नको म्हणून सावकाराकडे जाईल. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर कापूस उत्पादकांच्या कर्जाने किती घरे उद्ध्वस्त केली हे आपण पाहिले आहे. दीडशे वर्षांपूर्वी, 25 डिसेंबर 1873 रोजी, सत्यशोधक समाजाने पहिले लग्न लावले ते भटजीविना आणि अगदी थोड्या खर्चात. लग्न शोभते ते वचनाने आणि साक्षीने, हा धडा महाराष्ट्राने तेव्हाच गिरवला होता.

याच जिल्ह्यात त्याहूनही जुना धडा आहे. इंद्रवेल्ली मंडलातल्या केस्लापूरला पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. गोंडांच्या मेसराम कुळात नव्याने आलेल्या सुनांची नागोबाशी ‘भेटिंग’ तिथे होते. लग्न कोणत्याही गावी लागलेले असो, तेलंगणातले असो की महाराष्ट्रातले, सून कुळासमोर आणि कुळदैवतासमोर येते ती केस्लापूरलाच. त्यासाठी अजूनही काही कुटुंबे बैलगाड्या जोडून निघतात. सारे कुळ जिथे पोचते तिथेच नव्या माणसाला आपले म्हणायचे, हा त्या रीतीचा गाभा आहे.

आता कायद्याची बाजू. ती अनेकांना लग्नानंतर कळते. 1969च्या परदेशी विवाह कायद्यानुसार भारतीय वकिलातीतल्या विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न करायचे असेल तर दोघांपैकी एकजण नोटिशीआधी किमान 30 दिवस तिथे राहिलेला असावा लागतो. नोटीस लागल्यावर आक्षेपांसाठी आणखी 30 दिवस जातात. चार दिवसांच्या पाहुण्याला हे जमणारे नाही. त्या देशाच्या कायद्याने करायचे तर प्रत्येक देशाच्या अटी वेगळ्या. इटली परदेशी नागरिकाकडून त्याच्या देशाचे ना-हरकत पत्र मागते. इंडोनेशियाचा 1974चा विवाह कायदा लग्न धर्माच्या रीतीनेच व्हावे असे सांगतो. म्हणून बहुतेक जोडपी तिथे फक्त समारंभ करतात आणि कागद भारतात करतात.

त्या कागदातही एक खड्डा आहे. व्हिसाच्या घाईत काहीजण विधी होण्याआधीच हिंदू विवाहाची नोंदणी उरकून घेतात. 19 एप्रिल 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. नागरत्ना आणि न्या. मसीह यांच्या खंडपीठाने अशाच एका प्रकरणात निकाल दिला. विधी झालेलेच नसतील तर नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असे सांगून त्यांनी ते लग्न झालेच नसल्याचे ठरवले. लग्न म्हणजे नाचगाणे आणि खाणेपिणे यांचा प्रसंग नव्हे, असेही त्यांनी बजावले. समारंभ बाहेर करायचाच असेल तर निर्धोक वाट 1954च्या विशेष विवाह कायद्याची. दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात किमान 30 दिवस राहत आहे तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी. 30 दिवस थांबून तीन साक्षीदारांसमोर सह्या कराव्यात. नोटिशीपासून तीन महिन्यांत हे पुरे व्हावे लागते, नाहीतर नवी नोटीस द्यावी लागते. दोघेही हिंदू असतील तर वारसाहक्काला हिंदू वारसा कायदाच लागू राहतो; 1976च्या दुरुस्तीने तशी सोय केली आहे. उद्या पत्नीचा व्हिसा, बँक, घर, वारसा, कशालाही हाच दाखला कामाला येईल.

मुलामुलींना आमचे सांगणे इतकेच. समुद्र पाहायला जरूर जा, लग्नानंतर दोघेच जा. मित्रमैत्रिणींना तिथे मेजवानी द्यायची असेल तर तीही द्या. पण हळद, अक्षता आणि सप्तपदी तुमच्या माणसांच्या आवाक्यात ठेवा, आणि कायद्याचा दाखला आपल्या जिल्ह्यात घ्या. आईवडिलांनीही मुलांच्या हौसेपुढे गप्प बसू नये. बैठकीत रिसॉर्टची छायाचित्रे पुढे येण्याआधी कोऱ्या कागदावर नावे लिहायला बसावे. आजी, आत्या, मामा, शेतावरचा भाऊ, धाकट्या काकाचे कर्जात असलेले घर, ही नावे पहिल्या पाच ओळींत यावीत. त्यांतले एकही नाव खोडावे लागत असेल, तर ते ठिकाण तुमच्या लग्नाचे नाही.