रुग्ण घरी गेला, जबाबदारी कोठे गेली?

फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणे हा आजार आपल्या कामगार वस्त्यांत नावाने फारसा ओळखला जात नाही. पाय मोडून सहा आठवडे प्लास्टरमध्ये पडलेला तरुण असो, शस्त्रक्रिया होऊन घरी आलेली बाई असो की बाळंतीण असो, एके दिवशी अचानक दम लागतो, छातीत कळ येते, आणि माणूस दगावला तर ‘हार्ट अटॅकने गेला’ असे म्हणून सारे मोकळे होतात. प्रत्यक्षात बहुधा पायाच्या खोल शिरेत धरलेली गुठळी सुटून हृदयातून फुप्फुसाच्या धमनीत जाऊन बसलेली असते. १९६० साली ब्रिस्टल येथील दोन डॉक्टरांनी या आजारावर रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची चाचणी घेतली. औषध न दिलेल्या १९ रुग्णांपैकी ५ जण गुठळीनेच दगावले; औषध दिलेल्या १६ पैकी एकही नाही. तेव्हापासून या रुग्णाला रुग्णालयात ठेवून औषध द्यावयाचे, हा रिवाज पन्नास वर्षे चालला.

आता तो रिवाज बदलत आहे, आणि बदल शास्त्राच्या आधाराने होत आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. २०११ साली युरोपातील तीन देश व अमेरिका येथील ३४४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत कमी धोक्याचे रुग्ण निवडून निम्म्यांना चोवीस तासांच्या आत घरी पाठवण्यात आले. नव्वद दिवसांत घरी गेलेल्यांपैकी एकालाच पुन्हा गुठळी झाली. मृत्यू दोन्ही गटांत एकेक. मोठा रक्तस्राव मात्र घरी गेलेल्यांत तिघांना झाला, रुग्णालयातल्यांत कोणालाही नाही. हेही सांगितले पाहिजे. नाडी, रक्तदाब, रक्तातील प्राणवायू, वय, कर्करोग किंवा हृदय-फुप्फुसाचा जुना विकार एवढ्या गोष्टी तपासून कोणाला घरी पाठवावे हे बरेचसे ठरवता येते. पूर्वी इंजेक्शने लागत आणि नंतर रक्त वारंवार तपासावे लागे. आता पहिल्या दिवसापासून नुसत्या गोळीवर उपचार करता येतो. तेव्हा खाट अडवून ठेवण्यात रुग्णाचेही हित नाही आणि इतरांचेही नाही.

परंतु हॉलंडमध्ये तयार झालेल्या, याच कामी वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावलीत एक प्रश्न असा आहे की, रुग्णाला रुग्णालयात ठेवण्यास काही सामाजिक कारण आहे काय? नेमका हाच प्रश्न आपल्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात मोठा होतो. म्हाळुंगे, खराबवाडी, निघोजे, कुरुळी येथील भाड्याच्या खोल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. एका खोलीत पाचसहा जण, दिवसपाळीचा उठला की त्याच अंथरुणावर रात्रपाळीचा आडवा होतो. घरची माणसे बीडला, लातूरला, नाहीतर थेट बिहारला. रात्री दोन वाजता पुन्हा दम लागला तर उठवायचे कोणाला, आणि पुणे-नाशिक रस्त्याची कोंडी ओलांडून जायचे कोठे? चाकण महापालिकेच्या हद्दीबाहेर, खेड तालुक्यात येते. तेथे ग्रामीण रुग्णालय आहे. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय मात्र महापालिकेने आपल्या शहरासाठी उभारलेले. कारखान्यांची रांग सलग आहे, आरोग्ययंत्रणेची हद्द मध्येच तुटते.

मग काय, गरिबाचे घर घर नव्हे म्हणून त्याला सक्तीने दाखल करावे? आमचे म्हणणे तसे नाही, आणि याला या देशातलाच पुरावा आहे. १९५९ साली मद्रासच्या क्षयरोग केंद्राने आपल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दाटीवाटीच्या, दरिद्री वस्त्यांतील क्षयरुग्णांपैकी काहींना आरोग्यधामात व काहींना घरीच ठेवून वर्षभर औषधे देण्यात आली. घरी राहिलेले रुग्ण आरोग्यधामातल्यांच्या जवळजवळ बरोबरीने बरे झाले. पुढे जगभर आरोग्यधामे ओस पडली ती याच निष्कर्षामुळे. पण त्या यशाचे अर्धे श्रेय औषधाला असेल तर उरलेले अर्धे व्यवस्थेला द्यावे लागेल: औषध मोफत, केंद्र जवळ, आणि रुग्ण आला नाही तर त्याच्या दाराशी जाणारा माणूस. घराचे दारिद्र्य आड आले नाही, कारण घरापर्यंत सेवा गेली होती.

आज सेवा घरापर्यंत जाणे तर दूरच, विम्याचा पैसा रुग्णालयाच्या दाराशीच थांबतो. आयुष्मान भारत काय किंवा महात्मा फुले जनआरोग्य योजना काय, दोन्हींची रचना मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. ज्याला घरी पाठवले त्याच्या गोळ्या, तपासण्या, फेऱ्या त्याच्याच खिशातून. यातून दोन विपरीत गोष्टी संभवतात. पैसे मिळावेत म्हणून खासगी रुग्णालय धडधाकट रुग्णाला चार दिवस खाटेवर ठेवील. आणि सरकारी रुग्णालय खाट मोकळी करण्यासाठी पाच दिवसांच्या गोळ्या देऊन त्याला वाटेला लावील. उपचार किमान तीन महिन्यांचा आहे. सहाव्या दिवशी मजुरी बुडालेला माणूस गोळी घेईल की भाडे भरील?

कामगार राज्य विमा योजनेत याचे उत्तर बऱ्याच अंशी आहे. पात्र विमेदाराला आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते. तीन महिने आणि ९१ दिवस, हिशेब जणू जुळूनच आला आहे! त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. ठेकेदाराने दर काही महिन्यांनी नाव काढून नव्या नावाने भरती केली, की हे ७८ दिवस भरतच नाहीत. वर्गणी पगारातून कापली गेली आणि कार्यालयात पोहोचली नाही, असे प्रकार आमच्या कार्यकर्त्यांना नवे नाहीत. वेतनमर्यादा २०१७ साली २१,००० रुपये करण्यात आली. थोडा अधिक ओव्हरटाइम करणारा नव्हे, पण थोडा अधिक मूळ पगार असणारा त्याबाहेर पडतो.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांच्या चर्चेत क्वचित येते. रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणारा माणूस कारखान्यात परतला की पत्र्याच्या धारेने झालेली जखमही त्याला जड जाते, मग प्रेसखाली हात सापडला तर काय! त्याला तीन महिने हलके काम हवे. कायम कामगार संघटनेच्या बळावर ते मिळवील. कंत्राटी कामगार काय करील? तो गोळी लपवील, किंवा सोडून देईल. ‘रुग्णाने औषध नियमित घेतले नाही’ अशी नोंद नंतर कागदावर होईल.

औषधाच्या किमतीची सबब आता फारशी टिकणारी नाही. यातील रिव्हारोक्साबान व एपिक्साबान या गोळ्यांचे भारतातील पेटंट अनुक्रमे २०२० व २०२२ मध्ये संपले, आणि देशी कंपन्या त्या तयार करतात. एक आठवण येथे अप्रस्तुत होणार नाही. सार्वजनिक क्षेत्रातील पहिला औषध कारखाना, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९५४ साली पिंपरीतच स्थापन झाला. गावाच्या औद्योगिक इतिहासाचा आरंभच औषधाने झाला. २०१६ च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याची जमीन विकण्याचा आणि तो खासगी हाती देण्याचा निर्णय घेतला. लोकांचा कारखाना लोकांसाठी गोळी करू शकला असता, हा विचारही त्या बैठकीत कोणाच्या मनात आला नसावा.

मागण्या अवघड नाहीत. घरी पाठवताना किमान महिन्याच्या गोळ्या हातात आणि पुढच्या महिन्यांची हमी. तिसऱ्या दिवशी व आठवड्याने फेरतपासणी, तीही पाळी सुटल्यावर येता येईल अशा वेळी. रात्रीही उचलला जाणारा एक फोन. आणि ठेकेदारालाही बंधनकारक असे हलक्या कामाचे प्रमाणपत्र. चाकणच्या कामगारासाठी जिल्हा आरोग्ययंत्रणा, महापालिका आणि विमा महामंडळ यांनी हद्दीचा वाद बाजूला ठेवून एकत्र बसावे. तोवर प्रत्येक फाटक-सभेत आपल्या कार्यकर्त्यांनी कंत्राटी कामगारांना त्यांचा विमा क्रमांक विचारावा, आणि या सहामाहीत किती दिवसांची वर्गणी जमा झाली ते तपासून द्यावे. घरी पाठवलेल्या रुग्णाच्या खोलीवर मात्र आजच जावे, आणि गोळ्या किती उरल्या आहेत ते मोजून पाहावे.