येलदरीचा काठ कोणाचा?

जिंतूर तालुक्यातील येलदरी येथे पूर्णा नदीवर 1968 साली धरण उभे राहिले. सिद्धेश्वर जलाशयाच्या जोडीने त्याने मराठवाड्याच्या शेतीला पाणी आणि पायथ्याच्या केंद्रातून वीज दिली. ज्यांची घरे-शेते त्या पाण्याखाली गेली, त्यांचे काय? राज्याचा पहिला पुनर्वसन कायदाच मुळी 1976 सालचा! मोल आधी गावाने चुकवायचे आणि न्याय मागाहून यायचा, ही आपल्या नियोजनाची जुनी रीत आहे.

काठाच्या बाबतीत तिचीच पुनरावृत्ती होत आहे. केंद्राच्या 2017 च्या पाणथळ नियमांनी सिंचन व पेयजलासाठी बांधलेले जलाशय व्याख्येतूनच वगळले. म्हणजे हिवाळी पाहुण्या पक्ष्यांनी उतरण्यापूर्वी बांधकामाचा हेतू तपासावा काय? गोदावरी-कादवा संगमावरील नांदूर मध्यमेश्वरचा जलाशयही सिंचनाच्या बंधाऱ्यातूनच घडला. तोच राज्यातील पहिले रामसर स्थळ ठरला. जगाने जे मानले, ते आपल्या नियमांना का मानवत नाही?

संरक्षण नाही, पण बाजार मात्र दारात आहे. धरणालगतच्या शासकीय जागा खासगी सहभागातून पर्यटनासाठी विकसित करण्याचे धोरण राज्याने 2019 साली स्वीकारले. उद्या काठावर विश्रामधाम उभे राहील आणि ज्याच्या आजोबाची जमीन तळाशी आहे, त्यालाच प्रवेशशुल्क मागितले जाईल. दुसरीकडे, पक्ष्यांच्या नावाने माणसालाच कुंपणाबाहेर ठेवू पाहणारे शहरी निसर्गप्रेमही तितकेच एकांगी आहे.

तिसरा मार्ग याच राज्यात सिद्ध झाला आहे. भंडारा-गोंदियात मालगुजारी तलाव 1950 नंतर शासनाकडे गेले आणि अनास्थेने खंगले. तेथील ढीवर समाजाने, विशेषतः महिलांनी, बेशरमाची झुडपे उपटली, स्थानिक पाणवनस्पती लावल्या. देशी मासे परतले, मागोमाग पक्षीही आले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या ज्ञानाला अभ्यासकांची जोड मिळाली, एवढेच.

येलदरी हा गावतलाव नव्हे, हे खरे. पण तत्त्व तेच. गाळ कोठून व किती काढायचा, हे मच्छीमार व शेतकऱ्यांना विचारून ठरावे. उथळ काठ सरसकट खरवडला तर पक्ष्यांचे अन्नच नाहीसे होईल. गाळपेर जमिनीत विषारी फवारणी नको. गुरांना पाणवठा, शाळकरी मुलांना निरीक्षणाची जागा, वृद्ध व अपंगांना सोपी वाट, आणि हे सारे विनामूल्य हवे. कोणताही भाडेपट्टा काठच्या ग्रामसभांच्या संमतीविना होऊ नये.

ज्यांनी जलाशयासाठी गाव दिले, त्यांना काठावर उपरे ठरवणारा विकास कोणाचा?