मैदानावरची अटक : नावं गावभर, आकडा मात्र कुणालाच माहीत नाही

फुटबॉलच्या सामन्यात राडा झाला की पुढचं चित्र ठरलेलं असतं. कुणीतरी व्हिडिओ काढतो, अर्ध्या तासात तो तालुकाभर फिरतो. संध्याकाळी पोलिस ठाण्यात गुन्हा नोंद होतो, दुसऱ्या दिवशी पोरांची नावं व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. पण हंगाम संपल्यावर कुणी साधा प्रश्न विचारला, की यंदा मैदानावरून एकूण किती जणांना अटक झाली, त्यातले किती दोषी ठरले, किती सुटले, तर त्याचं उत्तर सहजासहजी मिळत नाही.

हा प्रश्न फक्त शहराचा नाही. कोल्हापूरचा फुटबॉल सगळ्यांना माहीत आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, प्रॅक्टिस क्लब, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ यांचे सामने असले की पेठा ओस पडतात. खेड्यांतली पोरंही मोटारसायकलवर सामना बघायला जातात. याच ईर्षेतून मैदानात आणि मैदानाबाहेर हाणामाऱ्या, दगडफेक झाल्याचे प्रकार घडले आहेत. अलीकडे १३ डिसेंबर २०२५ ला कोलकात्यात सॉल्ट लेक स्टेडियमवर मेस्सी आला आणि थोड्याच वेळात निघून गेला. महागडी तिकिटं काढलेल्या लोकांनी बाटल्या आणि खुर्च्या फेकल्या, आयोजकाला अटक झाली. तेही सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलं.

अशा वेळी पोलिसांकडची नोंद लोकांना किती दिसावी? आकडे दिसावेत का? नावं दिसावीत का? इंग्लंडमध्ये या प्रश्नावर बरीच वर्षं काम झालं आहे. आपल्याकडे कायदे आहेत, पण ते वापरले जात नाहीत. दोन्ही बाजू नीट पाहायला हव्यात.

इंग्लंडमध्ये काय होतं?

इंग्लंड आणि वेल्समध्ये तिथलं गृह खातं दर हंगामानंतर फुटबॉलशी संबंधित अटकेचे आकडे जाहीर करतं. २०२१-२२ च्या हंगामात २,१९८ अटका झाल्या. २०२२-२३ मध्ये २,२६४ आणि २०२३-२४ मध्ये २,१६७. नुसता एकूण आकडा देऊन ते थांबत नाहीत. कोणत्या क्लबच्या समर्थकांना किती अटक झाली, कोणत्या गुन्ह्यासाठी झाली याचे तक्ते असतात. हाणामारी, सार्वजनिक शांतता भंग, मैदानात वस्तू फेकणे, मैदानात घुसणे, दारू, वर्णद्वेषी घोषणा, तिकिटांचा काळाबाजार असे वेगवेगळे रकाने असतात. कुणीही घरबसल्या तो तक्ता उघडून पाहू शकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे बंदी आदेश. १९८९ च्या फुटबॉल प्रेक्षक कायद्याखाली कोर्ट एखाद्याला सामन्याला जायला बंदी घालू शकतं. ही बंदी कमीत कमी ३ वर्षं आणि जास्तीत जास्त १० वर्षं असते. परदेशात सामना असेल तर त्या माणसाला पासपोर्ट जमा करावा लागतो. अशा बंदी आदेशांची संख्याही दर वर्षी क्लबनुसार छापली जाते.

पण या तक्त्यांत एकाचंही नाव नसतं. नाव कोर्टात पुढे येतं, कारण कोर्ट उघडं असतं. नुसती अटक झाली म्हणून गृह खातं कुणाचं नाव यादीत टाकत नाही. ज्याला तक्त्यापेक्षा जास्त माहिती हवी तो माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली पोलिसांना अर्ज करतो. हा कायदा २००० चा, प्रत्यक्ष लागू झाला १ जानेवारी २००५ पासून. उत्तराची मुदत कामकाजाचे २० दिवस. तिथेही तपासाला अडथळा आणि वैयक्तिक माहिती या दोन कारणांवर नकार मिळतो. पण आकडे मागितले तर नकार देणं अवघड जातं.

या आकड्यांतही गोम आहे. अटक म्हणजे दोष सिद्ध नव्हे. पुढे काहीच कारवाई न होता सुटलेला माणूसही अटकेच्या आकड्यात राहतोच. ज्या क्लबच्या सामन्याला जास्त गर्दी, त्याचा आकडा साहजिकच मोठा. गुन्ह्यांची यादी बदलली तरी आकडा हलतो. म्हणून नुसता आकडा पाहून एखाद्या क्लबला गुंडांचा क्लब म्हणणं चूक आहे. पण आकडा समोर असतो म्हणून निदान असा वाद तरी घालता येतो. आकडाच नसेल तर ज्याचा आवाज मोठा, त्याचं खरं ठरतं.

नोंद दाबली तर काय होतं?

याचं सगळ्यात वेदनादायक उदाहरण हिल्सबरोचं. १५ एप्रिल १९८९ ला शेफिल्ड शहरातल्या या मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टचा सामना होता. एका भागात गर्दी कोंबली गेली आणि चेंगराचेंगरीत ९७ जणांचा जीव गेला. पोलिसांनी ठपका ठेवला प्रेक्षकांवर. दारू पिऊन आले, बिनतिकिटाचे आले, गेट तोडलं, असं सांगितलं गेलं. वर्तमानपत्रांनी तेच छापलं.

घरच्यांनी हार मानली नाही. कागद दाखवा, एवढीच त्यांची मागणी होती. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने साडेचार लाखांवर पानं लोकांसमोर ठेवली, तेव्हा खरं बाहेर आलं. १६४ पोलिसांच्या जबाबांत मोठे बदल केले होते. त्यातल्या ११६ जबाबांतून पोलिसांच्या विरोधात जाणारा मजकूर काढला किंवा बदलला होता. मेलेल्या माणसांच्या रक्तात दारू होती का हे तपासलं होतं आणि काहींची नावं पोलिसांच्या कॉम्प्युटरवर टाकून जुने गुन्हे सापडतात का तेही पाहिलं होतं. २०१६ मध्ये ज्युरीने निकाल दिला : हे मृत्यू बेकायदेशीरपणे घडवले गेले, प्रेक्षकांचा दोष नव्हता. गेट तोडलं नव्हतं, ते पोलिसांच्याच आदेशाने उघडलं होतं.

सत्य बाहेर यायला २७ वर्षं लागली. पोलिसांची नोंद पोलिसांच्याच कपाटात राहिली तर दोष गर्दीवर ढकलणं किती सोपं असतं, हे यातून दिसतं.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. तीन दारं उघडी आहेत.

पहिलं दार ठाण्यातला फलक. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम ३७ नुसार प्रत्येक ठाण्यात आणि जिल्ह्याच्या ठिकाणी अटक केलेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप ठळकपणे लावायचं आहे. डिजिटल पद्धतीनेही लावता येतं. यासाठी सहायक उपनिरीक्षक किंवा त्याहून वरचा अधिकारी नेमायचा आहे.

दुसरं दार एफआयआरचं. सुप्रीम कोर्टाने ७ सप्टेंबर २०१६ ला आदेश दिला की एफआयआर २४ तासांत वेबसाइटवर टाकायचा. दुर्गम भागात किंवा नेटची अडचण असेल तर जास्तीत जास्त ७२ तास. लैंगिक गुन्हे, बालकांवरचे अत्याचार, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणं यातून वगळली आहेत. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर जिल्हा, ठाणे आणि तारीख टाकून एफआयआर पाहता येतात. दोषारोपपत्र मात्र असं वेबसाइटवर टाकता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं.

तिसरं दार माहिती अधिकाराचं. २००५ चा कायदा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांची मुदत. माहिती कशाला हवी हे सांगायची गरज नाही.

मग अडतं कुठे?

आकड्यांपासूनच अडतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात दंगलीचे वेगवेगळे कप्पे असतात. धार्मिक, राजकीय, जातीय, जमिनीचा वाद, पाण्याचा वाद. खेळाच्या मैदानावरच्या राड्याला वेगळा कप्पा नाही. तो बेकायदा जमाव, दंगल किंवा मारामारीच्या कलमात जाऊन मिसळतो. त्यामुळे फुटबॉल असो, कबड्डी असो की जत्रेतलं कुस्तीचं मैदान, किती अटका झाल्या हे वरच्या पातळीवर वेगळं मोजलंच जात नाही. खरा हिशेब असतो तो त्या त्या ठाण्याच्या अटक नोंदवहीत.

नावांचं उलटं आहे. फलकावर नाव लावायचा नियम का आला, ते विसरलं गेलं. १९९६ च्या डी. के. बसू खटल्यात सुप्रीम कोर्टाने अटकेबद्दल नियम घालून दिले, त्यातून हे सगळं आलं. पोलिसांनी कुणाला गुपचूप डांबून ठेवू नये, घरच्यांना आपलं पोरगं कुठे आहे ते कळावं, यासाठी नाव उघड करायचं. म्हणजे हा नियम अटक झालेल्याच्या संरक्षणासाठी आहे. आज त्याच नावाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला जातो आणि पोरगं कोर्टाआधीच गुन्हेगार ठरतं. सहा महिन्यांनी ते सुटलं तर त्याची पोस्ट कुणी टाकत नाही.

पोलिस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांसाठी हा विषय जिव्हाळ्याचा आहे. चारित्र्य पडताळणीत गुन्हा निघतोच. सुप्रीम कोर्टाने २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात सांगितलं आहे की फॉर्ममध्ये अटक, खटला, सुटका जे काही असेल ते खरं लिहायचं. तरुण वयातला किरकोळ गुन्हा असेल तर नोकरी देणारा तो माफ करू शकतो, पण लपवलं तर अडचण वाढते. म्हणून आपल्या नावावर नेमकं काय नोंदलं आहे हे पोराला माहीत असणं गरजेचं आहे. ठाण्यात नेऊन सोडून दिलं, प्रतिबंधक कारवाई झाली, का एफआयआरमध्ये नाव आलं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. गावात तिन्हीला एकच शब्द वापरतात : केस झाली.

नवी अडचण

माहिती अधिकारात आणखी एक बदल झाला आहे. पूर्वी कलम ८(१)(ञ) मध्ये वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, मोठं जनहित आहे का, हे बघावं लागत होतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने नोव्हेंबर २०२५ पासून हे कलम आखूड झालं. आता वैयक्तिक माहिती आहे एवढं कारण देऊन नकार देता येतो. मात्र कलम ८(२) शाबूत आहे. जनहित नुकसानीपेक्षा मोठं असेल तर माहिती देता येते.

तपास चालू आहे, हे दुसरं नेहमीचं कारण. त्यावर दिल्ली हायकोर्टाने २००७ च्या भगत सिंग प्रकरणात सांगितलं की तपास चालू आहे एवढं पुरेसं नाही, माहिती दिल्याने तपासाला अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं.

अर्ज कसा करावा?

यावर सोपा उपाय म्हणजे नावं मागायचीच नाहीत, आकडे मागायचे. महाराष्ट्राच्या नियमानुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. मजकूर असा ठेवता येतो :

अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक मैदानावरील सामन्यांच्या संदर्भात आपल्या ठाण्यात नोंद झालेले गुन्हे किती, त्यांचे गुन्हा क्रमांक व कलमे कोणती, अटक किती जणांना झाली, प्रतिबंधक कारवाई किती जणांवर झाली, दोषारोपपत्र किती गुन्ह्यांत दाखल झाले, याबाबतच्या नोंदींच्या प्रती नावे व पत्ते वगळून मिळाव्यात.

शेवटचे शब्द महत्त्वाचे आहेत. कलम १० नुसार देता न येणारा भाग झाकून उरलेला भाग द्यावा लागतो. असा तक्ता आमच्याकडे तयार नाही, असं उत्तर आलं तर नोंदवही समक्ष पाहण्याची मागणी करता येते. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांचा स्टॅम्प लावून वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करायचं. तिथेही दाद मिळाली नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे जाता येतं.

कुणाचा फायदा?

आकडे उघड झाले तर पहिला फायदा पोलिसांचाच आहे. कोणत्या सामन्याला किती बंदोबस्त लागतो हे सांगता येईल. तालमींनाही हिशेब मांडता येईल, की हजारो प्रेक्षकांत राडा करणारे किती होते. आणि ज्या पोरांचा काही संबंध नव्हता, नुसतं गर्दीत उभं होतं म्हणून नाव आलं, त्यांना निदान किती जण निर्दोष सुटले हे दाखवता येईल.

इंग्लंडचं सगळं चांगलं आणि आपलं सगळं वाईट असं नाही. एफआयआर २४ तासांत लोकांसमोर ठेवण्याचा आपला नियम तिथल्यापेक्षाही मोकळा आहे. पण तिथे आकडा उघडा आणि नाव जपलेलं, तर आपल्याकडे नाव उघडं आणि आकडा बंद. ही उलटी गाडी सरळ करायला नवा कायदा लागत नाही. जिल्हा पोलिसांनी हंगाम संपल्यावर एका पानाचा तक्ता वेबसाइटवर टाकला तरी पुरे. माहिती अधिकाराच्या कलम ४ मध्ये कुणी न मागता माहिती जाहीर करण्याची जबाबदारी सरकारी कार्यालयांवर टाकलेलीच आहे. तोपर्यंत १० रुपयांचा स्टॅम्प हातात आहे. आणि ग्रुपवर एखाद्या पोराच्या अटकेची पोस्ट आली, तर पुढे पाठवण्याआधी कोर्टाचा निकाल अजून लागायचा आहे, एवढं लक्षात ठेवावं.